मानधन, बिनपैशाचे गाणे आणि आयकर

एप्रिल आला की पवनी तालुक्यातील गायनपार्ट्यांना उसंत नसते. १४ एप्रिलची जयंती, पाठोपाठ बुद्धपौर्णिमा. ढोलकी, पेटी, बेंजो, कोरस धरून पाच-सहा घरांना त्याचा आधार असतो. या कलावंत बंधुभगिनींसाठी आम्ही आज चार गोष्टी सांगत आहोत.

बिदागी म्हणा की मानधन, कायद्याने ते उत्पन्नच. नोकरी सांभाळून गाणाऱ्यानेही ते पगारात मिळवून दाखवावे. घाबरण्याचे कारण नाही. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या अशा कमाईवर कर भरावा लागत नाही. मात्र उत्पन्न ४ लाखांवर गेले की विवरणपत्र भरावे लागते.

विहारासाठी बिनपैशाने गायलात, तर जे मिळालेच नाही त्यावर कर नाही. पण मानधन घेऊन तेच दान केले, तर ते आधी तुमचे उत्पन्न ठरते, मग दान. दानाची सूट फक्त जुन्या करपद्धतीत, तीही मान्यताप्राप्त संस्थेच्या पावतीवर. म्हणून फुकट गायचे असेल तर आधीच तसे ठरवा. ढोलकीवाल्याची मजुरी बुडते, हेही मंडळांनी ध्यानात ठेवावे.

खरी अडचण पार्टीप्रमुखाची. समजा, मोठ्या संस्थेने ४०,००० रुपये ठरवले. त्यातले २४,००० साथीदारांना, ६,००० गाडीला गेले. प्रमुखाचे उरले १०,०००. पण कागदावर पूर्ण ४०,००० त्याच्याच नावावर! संस्थेला कर कापावा लागतो. कोणी १ टक्का कापतो, कोणी १० टक्के. पॅन दिला नसेल तर २० टक्के, म्हणजे ८,००० रुपये. प्रमुखाच्या हाती उरतात अवघे २,०००.

यावर उपाय साधा आहे. इसार घेतानाच पॅन द्यावा. एक वही घालावी. तारीख, गाव, मिळालेली रक्कम, कोणाला किती दिले हे लिहून साथीदाराची सही घ्यावी. गाडीभाड्याची पावती जपावी. कर कापला असेल तर संस्थेकडून दाखला मागावा. उत्पन्न कमी असले तरी विवरणपत्र भरल्याशिवाय कापलेले पैसे परत मिळत नाहीत. कित्येकांचे घामाचे पैसे एवढ्याच कारणाने सरकारजमा राहतात.

ही वही पार्टीतली भांडणेही मिटवते. येत्या कार्यक्रमापासूनच ती सुरू करावी, अशी आमची विनंती आहे.