मराठी प्रश्नपत्रिका कोणासाठी?

या दिवाळीतही महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत फराळाच्या ताटाशेजारी जीवशास्त्राची सराव-पुस्तिका उघडी असेल. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला 2023 साली राज्यातून अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. ही परीक्षा 2017 पासून मराठीतूनही देता येते. तरीही 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी मराठी प्रश्नपत्रिका निवडणारे दोन हजारांच्या आसपासच होते आणि गुजराती निवडणारे पन्नास हजारांच्या वर. मराठी मुलांना मराठी नको आहे, असा निष्कर्ष यातून काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. गुजरातेत अकरावी-बारावीचे विज्ञान गुजराती माध्यमातून शिकता येते. आपल्याकडे ते जवळपास सगळीकडे इंग्रजीतूनच शिकवले जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या मुलीला अकरावीत सगळी परिभाषा नव्याने पाठ करावी लागते. विषय समजून घेण्याची दोन वर्षे भाषेशी झटण्यात जातात आणि परीक्षेच्या दिवशी मराठी प्रश्नपत्रिका समोर आली, तरी तोवर तिला ती परकी झालेली असते. राज्याच्या स्वतःच्या सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मराठीतून सोडवता येते, गणित मात्र फक्त इंग्रजीत. समान प्रश्न, समान वेळ, समान गुण या व्यवस्थेत ही झीज कुठेच नोंदली जात नाही. निकालात दिसतो तो फक्त कमी पडलेला आकडा, आणि त्यालाच आपण गुणवत्ता म्हणतो.

या प्रश्नाचा पद्धतशीर शोध देशात तमिळनाडूने घेतला. तिथल्या सरकारने 2021 मध्ये न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि समितीने नीटच्या आधीचे आणि नंतरचे प्रवेश शेजारी शेजारी मांडले. तमिळ माध्यमातून येणाऱ्यांचा वाटा आधी बारा ते पंधरा टक्क्यांच्या घरात होता, तो दोन-तीन टक्क्यांवर आला. त्याहून बोलका आकडा रिपीटर मुलांचा आहे. 2016-17 मध्ये प्रवेश मिळालेल्यांत ते सुमारे 12 टक्के होते, 2020-21 मध्ये 71 टक्के झाले. बारावीनंतर एक वर्ष घरी बसून क्लास लावणे म्हणजे एका वर्षाची कमाई सोडणे, शिवाय फी आणि बहुधा परगावच्या खोलीचे भाडे भरणे. शेतमजुराच्या घरात हा हिशेब मांडायलाही कोणी बसत नाही. लातूर, नांदेडच्या क्लासेसनी सामान्य घरांतल्या अनेक मुलांना डॉक्टर केले आहे, हे खरेच. पण तिथवर पोहोचायलाही आधी काहीतरी विकावे किंवा गहाण ठेवावे लागते.

मग परीक्षाच रद्द करावी का? मला तसे वाटत नाही. नीटच्या आधी खासगी महाविद्यालये आपापल्या परीक्षा घेत, आणि कॅपिटेशन फीचा बाजार त्यांच्याच आडोशाने चाले. बारावीच्या गुणांवर सगळे सोडावे, तर मंडळामंडळांची तपासणी वेगळी आणि कॉपीची केंद्रे आपल्याला माहीत आहेतच. खुद्द तमिळनाडूत गुणांवर प्रवेश होत असतानाही सरकारी शाळांतली मुले थोडीच होती, कारण पाठांतर करून घेणाऱ्या महागड्या निवासी शाळांनी त्या गुणांवर कब्जा केला होता. अमेरिकेतल्या एमआयटीने 2022 मध्ये प्रवेशासाठी सॅटसारखी प्रमाणित परीक्षा पुन्हा सक्तीची केली. साधनहीन शाळेतल्या हुशार मुलाला आपली तयारी दाखवायला अशी परीक्षा उपयोगी पडते, हे त्यामागचे एक कारण होते. तिथे गुण पाहताना ते कोणत्या शाळेतून, कोणत्या परिस्थितीतून आले हेही पाहिले जाते. आपण गुण तेवढे घेतो आणि परिस्थिती सोडून देतो.

परिस्थिती विचारात घेतली की दर्जा घसरतो, हा आक्षेप लगेच येतो. तो मनापासून घेणाऱ्यांनी 2022 चा कट-ऑफ पाहावा. त्या वर्षी खुल्या गटात 720 पैकी 117 गुणांवर विद्यार्थी पात्र ठरत होता आणि वर्षाला लाखो रुपये भरण्याची ऐपत असेल, तर खासगी महाविद्यालयाचे दार त्याला उघडे होते. 2023 मध्ये पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून पात्रतेची अट थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. पैशासाठी दर्जा एवढा लवचिक होतो, मग पाचशे गुण मिळवणाऱ्या सरकारी शाळेतल्या मुलीसमोरच तो ताठ का उभा राहतो? डॉक्टर होण्याआधी तिलाही इतरांसारखीच विद्यापीठाची प्रत्येक परीक्षा उत्तीर्ण व्हायची असते. तमिळनाडूने 2020 मध्ये नीट पात्र झालेल्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. आदल्या वर्षी अशी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, पहिल्याच वर्षी एमबीबीएसच्या तीनशेहून अधिक जागा त्यांना मिळाल्या. 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली.

महाराष्ट्राने याच काळात उलटी वाट धरली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी विभागवार 70:30 ची पद्धत, म्हणजे 70 टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना आणि 30 टक्के राज्यभरातल्यांना, 2020 मध्ये रद्द झाली. त्या पद्धतीत दोष होते. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्याने तिथल्याच मुलांवर तिचा अन्याय होत असे, म्हणून ती जाणे योग्यच होते. पण तिच्या जागी काहीच आले नाही. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकलेल्यांसाठी जागांचा वाटा ठेवता येईल. प्रत्येक तालुक्यात निदान एका कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञानाची मराठी तुकडी सुरू करता येईल, चांगल्या पुस्तकांसह आणि शिक्षकांसह. याला वेळ लागेल. एक काम मात्र याच वर्षी होऊ शकते. दहावी कोणी कोणत्या माध्यमातून दिली, याची नोंद राज्य मंडळाकडे आहे, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या याद्या सीईटी कक्षाकडे. गेल्या दहा वर्षांच्या या दोन नोंदी जुळवून सरकारने त्यांतून निघणारे आकडे विधिमंडळासमोर ठेवावेत, कोणाचेही नाव न घेता, पण माध्यम, शाळेचा प्रकार, तालुका आणि कितव्या प्रयत्नात प्रवेश मिळाला हे सांगून.