भरवशाच्या उड्डाणाची प्रतीक्षा

आसामातील दिब्रुगढ आणि अरुणाचल प्रदेशातील पासीघाट या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७० किलोमीटर. पण मध्ये ब्रह्मपुत्रेचे अफाट पात्र पसरले आहे. एके काळी दिब्रुगढहून पलीकडे जायचे ते फेरीबोटीने. पुराच्या दिवसांत तोही मार्ग खुंटे. ४.९४ किलोमीटर लांबीच्या बोगीबील पुलाची कोनशिला १९९७ साली बसली. २००२ साली अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला आणि लोकार्पणासाठी २५ डिसेंबर २०१८ हा दिवस उजाडावा लागला.

त्यानंतर १२ एप्रिल २०२२ रोजी या दोन गावांना विमानाने जोडले. विमान होते हिंदुस्थान एरोनॉटिक्सने कानपुरात बांधलेले १७ आसनी डॉर्निअर. स्वदेशी बनावटीचे हे विमान नागरी प्रवासी सेवेत उतरले, ही अभिमानाचीच गोष्ट होती. ताशी ४०० किलोमीटरच्या आसपास वेग गाठणाऱ्या विमानाला हे अंतर कापण्यास गणिताने दहा-अकरा मिनिटे पुरावीत. धावपट्टीवरील हालचाल, चढण आणि उतरण धरली तरी प्रवास अर्ध्या तासाच्या घरात आटोपतो.

परंतु दिब्रुगढच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णाला न्यायचे असेल, तर घरच्या माणसांना मिनिटांचे कौतुक नसते. उद्या विमान निघणार की नाही, एवढेच त्यांना हवे असते. निघेल की नाही याची शाश्वती नसलेल्या अर्ध्या तासाच्या उड्डाणापेक्षा कित्येक तासांचा खात्रीचा रस्ता बरा, असेच ती म्हणणार.

ही शंका निराधार नाही. २०१६ साली आखलेल्या ‘उडान’ योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग वाटले गेले. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार त्यांपैकी ३७१ मार्गच सुरू झाले. ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यानंतर टिकले अवघे ५४.

रिकाम्या आसनांसाठी सरकारी तिजोरी किती काळ रिती करायची, असा प्रश्न यावर विचारला जातो. जिथे चांगला रस्ता आणि जलद रेल्वे आहे, तिथे तो रास्तच आहे. सीमावर्ती प्रदेशाला मात्र तो मापदंड लावता येणार नाही. बोगीबीलचा पूल नफ्यात आहे काय, असे दर तीन वर्षांनी कोणी विचारत नाही. कारण पूल ही राष्ट्राची गरज मानली गेली. सीमेवरचे छोटे विमान हाही एक पूलच आहे.

२०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित योजनेद्वारे दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याचा संकल्प सोडण्यात आला. संकल्प स्तुत्य आहे. मात्र सीमावर्ती मार्गांना दीर्घ मुदतीचे साहाय्य आणि त्यासोबत नियमित उड्डाणांची कडक अट, या दोन्ही गोष्टी त्यात हव्यात. उद्घाटनाचे पहिले विमान सर्वांनाच दिसते. पासीघाटच्या माणसाला हजाराव्या विमानाचीही खात्री हवी आहे.