पेरणीआधी वीतभर उकरा

आज २१ जून, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. अहमदपुरात आज उजेड सव्वातेरा तासांच्या आसपास. ढग नसतील तर साडेबाराच्या सुमाराला उन्हात मीटरभर काठी उभी करून बघा. सावली जेमतेम आठ सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेला. आजपासून दक्षिणायन.

इंग्लंडात स्टोनहेंजला लोक रात्र जागून आजचा सूर्योदय बघतात. आपल्याकडे २०१५पासून योगदिनाच्या चटया अंथरल्या जातात. पण लातूरकडचा शेतातला मोठा सण येळवस, आणि तो येतो डिसेंबर-जानेवारीत, दिवस लहान असताना. तेव्हा रब्बी उभी असते, कडब्याच्या कोपीत बसून भज्जी-आंबिलीवर ताव मारायला सवड असते. जूनमध्ये सवड कुणाला? डोक्यात एकच घोर: पेरायचं की थांबायचं?

माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मिरग लागला की गिऱ्हाईक दोन गोष्टी हमखास विचारतं: यंदा नक्षत्राचं वाहन काय, आणि शेजाऱ्यानं पेरलं का? वाहन हत्ती, म्हैस किंवा बेडूक निघालं की पिशव्या भराभर उचलल्या जातात. आता तर आर्द्रा लागतंय, धीर आणखी सुटतो. नक्षत्रं पावसाचा हंगाम सांगतात; आपल्या शिवारात किती पडला, ते जमिनीलाच विचारावं लागतं.

कृषी विद्यापीठांचा सल्ला सरळ आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. खुरप्यानं वीतभर उकरा, ओल लागते का बघा, वाफसा येऊ द्या. मूग-उडदाला उशीर सोसत नाही, हे खरं. सोयाबीनला मात्र जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मुभा असते. एका सरीवर पेरलं आणि पावसानं खंड दिला, तर कोंब मातीतच करपतो. मग दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा बी, पुन्हा खत, पुन्हा उधारी. त्यात बरकत होते ती माझ्यासारख्या दुकानदाराची. तरी सांगतो, थांबा.

शाळांना एक सुचवतो. योगासनं आटोपली की पोरांच्या हाती काठी आणि खुरपं द्या. सावली मोजा, ओल मोजा, दोन्ही वहीत लिहा. दरसालच्या नोंदी साठत गेल्या, तर पुढची पिढी पेरणीसाठी शेजाऱ्याच्या बांधाकडे बघत बसणार नाही.