बाईकला रडार डिटेक्टर लावायचा? आधी आपल्या हायवेवर पोलिसांकडे काय आहे ते बघा

गेल्या काही महिन्यांत जळगाव-धुळ्याकडच्या पोरांनी मला एकच प्रश्न इतक्या वेळा विचारलाय की आता नीट उत्तर लिहूनच टाकतो. प्रश्न असा: "भाऊ, अमेरिकेतले रायडर हँडलला एक छोटं यंत्र लावतात. पुढं पोलीस स्पीड गन घेऊन उभा असला की ते आधीच बीप करतं. आपल्याकडे कोणतं घ्यावं आणि बाईकला कुठं बसवावं?"

थोडक्यात उत्तर: घेऊ नका. पण "घेऊ नका" एवढं सांगून कुणी ऐकत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून ते काम कसं करतं, आपल्याकडे का चालत नाही, कायदा काय म्हणतो आणि तेच पैसे कुठं घातले तर उपयोग होईल, हे एकेक करून बघू.

रडार डिटेक्टर म्हणजे नक्की काय?

रडार गन रेडिओ लहरी सोडते. त्या गाडीवर आपटून परत येतात आणि गाडी पुढं येत असेल तर परत आलेल्या लहरीची वारंवारता थोडी वाढलेली असते. हाच डॉप्लर परिणाम. २४.१५ गिगाहर्ट्‌झच्या गनसमोर तुम्ही ताशी ८० किलोमीटरने आलात, तर हा फरक साधारण ३,६०० हर्ट्‌झचा पडतो. गन तो मोजते आणि आकडा दाखवते.

डिटेक्टर हा फक्त रिसीव्हर असतो. तो काही सोडत नाही, नुसतं ऐकतो. रडारच्या लहरी टॉर्चच्या उजेडासारख्या पसरतात, पुढच्या गाड्यांवर, पुलाच्या कठड्यावर आपटून इकडंतिकडं जातात. त्यामुळे गन तुमच्यावर रोखलेली नसली तरी डिटेक्टरला दुरूनच तिची चाहूल लागते. अमेरिकेत हे यंत्र चालतं ते यामुळेच. तिथल्या बऱ्याच पोलीस गाड्यांवर आजही रडार आहे आणि कित्येकदा ते सतत चालू असतं.

मग आपल्याकडे काय अडतं?

अडतं ते असं, की आपल्या महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीत जी स्पीड गन असते ती लेझरची. ती रेडिओ लहरी सोडतच नाही, अदृश्य प्रकाशाचे बारीक ठोके सोडते. प्रत्येक ठोका जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते आणि अंतर किती झपाट्याने कमी होतंय त्यावरून वेग. ३०० मीटरवरच्या बाईकपर्यंत जाऊन परत यायला प्रकाशाला २ मायक्रोसेकंद लागतात. अर्ध्या सेकंदाच्या आत सगळा हिशोब होतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लेझरचा झोत पसरत नाही. ३०० मीटरवरही तो जेमतेम एक मीटर रुंद असतो, म्हणजे एका बाईकवर नेम धरता येतो. महागड्या डिटेक्टरमध्ये लेझर ओळखणारा सेन्सरही असतो, हे खरं. पण तो कधी वाजणार? झोत तुमच्यावर पडल्यावर. आणि झोत पडला म्हणजे तुमचा वेग मोजून झालेला असतो. असा बीप म्हणजे चलान निघाल्याची पावती समजा.

उरले खांबावरचे कॅमेरे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून जी नवी वाहतूक व्यवस्था सुरू झाली, तिच्यात नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे आहेत आणि दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढता येतो. सरासरी वेगाचं गणित सोपं आहे: पहिल्या कॅमेऱ्यासमोरून कधी गेलात, दुसऱ्यासमोरून कधी गेलात, मधलं अंतर किती. यात हवेत कोणतीच लहर सोडावी लागत नाही. मग डिटेक्टर ऐकणार काय?

जे वाजायला नको तेच वाजतं

एका मित्राच्या नातेवाइकाने बाहेरून आणलेला डिटेक्टर मी दोन दिवस वापरून बघितला, जळगाव ते धुळे आणि परत. तो वाजला, चिक्कार वाजला. एका शोरूमच्या आपोआप उघडणाऱ्या दारासमोर वाजला. नवी कोरी एसयूव्ही शेजारून गेली की वाजला. कारण साधं आहे. आपोआप उघडणाऱ्या दारांचे सेन्सर आणि बऱ्याच गाड्यांचे 'ब्लाइंड स्पॉट' सेन्सर याच २४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात काम करतात. शंभरदा खोटं वाजल्यावर माणूस एक तर ते बंद करतो, नाहीतर बीप झाला की दचकून ब्रेक मारतो. चारचाकीत दचकलं तर फार बिघडत नाही. दुचाकीवर मागून ट्रक येत असताना दचकून ब्रेक मारणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

ऑनलाइन दोन-अडीच हजारांना '१६ बँड', '३६० अंश' असं लिहिलेली यंत्रं मिळतात, त्यांचं तर विचारूच नका. अमेरिकेत चांगल्या डिटेक्टरला दोनशे ते पाचशे डॉलर पडतात. तेच काम अडीच हजारांत होत असतं तर तिकडच्या लोकांनी एवढे पैसे मोजले नसते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्यात 'रडार डिटेक्टर' असं नाव घेऊन वेगळं कलम नाही. म्हणून विकणारे छातीठोकपणे "पूर्ण लीगल" म्हणतात. पण हा अर्धाच भाग झाला. आपल्याकडे रेडिओ उपकरण बाळगणं आणि विकणं यावर १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून नियंत्रण आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ते आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विनापरवाना वॉकी-टॉकी विकल्याबद्दल ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि रेडिओ उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीसाठी नियमावलीही आणली. म्हणजे 'साइटवर मिळतंय' याचा अर्थ 'कायदेशीर आहे' असा होत नाही.

जॅमरच्या वाटेला तर जाऊच नका. डिटेक्टर ऐकतो, जॅमर गोंधळ घालतो. मोबाइल जॅमर, जीपीएस ब्लॉकर किंवा सिग्नल अडवणारं कोणतंही यंत्र सरकारच्या खास परवानगीशिवाय वापरणं बेकायदेशीर आहे, हे दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

बाहेरच्या देशांतही सगळीकडे मोकळीक नाही. फ्रान्समध्ये डिटेक्टरवर बंदी आहे. जर्मनीत गाडी चालवताना डिटेक्टर तर नाहीच, कॅमेऱ्याची सूचना देणारं ॲपही वापरता येत नाही. अमेरिकेतही व्हर्जिनिया राज्यात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये मनाई आहे.

खरी बातमी वेगळीच आहे

कॅमेरा आणि स्पीड गनची ही गोष्ट आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६-अ आलं: रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेख. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचे नियम आले, नियम १६७-अ. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरचे धोक्याचे, गर्दीचे पट्टे आणि ठरावीक शहरांतले महत्त्वाचे चौक इथं ही यंत्रं बसवायची आहेत. देशभरातल्या त्या १३२ शहरांच्या यादीत आपलं जळगावही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना या तरतुदी अमलात आणायला सांगितलंय. म्हणजे यापुढे कॅमेरे वाढत जाणार आहेत.

पण याच नियमात तुमच्या बाजूच्याही गोष्टी आहेत आणि त्या फारशा कुणाला माहीत नसतात:

- देखरेखीचा पट्टा सुरू होण्याआधी ठळक सूचनाफलक लावणं राज्य सरकारवर बंधनकारक आहे. जी माहिती घेण्यासाठी तुम्ही तीस हजार घालायला निघालात, ती फुकट देणं सरकारचं कर्तव्य आहे.
- यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं लागतं.
- चलानसोबत गुन्हा आणि नंबर प्लेट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण हे सगळं हवं.
- २०२१ च्या नियमानुसार गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची आहे.

चलान चुकीचं वाटलं तर राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. फोटोत दुसऱ्याची गाडी असेल, नंबर चुकीचा वाचला असेल, फलक नसेल, तर पुरावा जोडून लिहा. आणि एक सावधगिरी: व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल आली तर उघडायची नाही. चलान तपासायचं ते सरकारी संकेतस्थळावरच, ज्याच्या पत्त्याचा शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा असतो.

वेगमर्यादा किती, आणि मोडून मिळतं काय?

एप्रिल २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार मोटारसायकलला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर जास्तीत जास्त ८०, महापालिका-नगरपालिका हद्दीत ६० आणि इतर रस्त्यांवर ६० ची मर्यादा आहे. गाडीला १०० ची मुभा असते तिथं बाईकला ८० च, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्थानिक फलकावर याहून कमी आकडा असेल तर फलकावरचा खरा.

आता आपल्या रस्त्यावर हे लावून बघा. जळगाव ते धुळे, एरंडोल-पारोळा मार्गे, साधारण ९० किलोमीटर. सगळा रस्ता एका वेगाने मोकळा मिळाला असं धरू, जे कधीच होत नाही. ८० ने लागतील ६७ मिनिटं, १०० ने ५४. म्हणजे १३ मिनिटं वाचली. पारोळ्याला एक कटिंग चहा प्यायला थांबलात की ती संपली.

आणि त्या १३ मिनिटांसाठी काय मोजलं? समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा, रस्ता कोरडा, ब्रेक चांगले. ८० ने गाडी थांबायला ६३ मीटरच्या आसपास लागतात, १०० ने ९० मीटरच्या वर. जिथं ८० वाला थांबलेला असतो तिथं १०० वाला अजून ताशी ६५-७० च्या वेगात असतो. रात्री मागे लाल दिवा नसलेली केळीची ट्रॅक्टर-ट्रॉली, विरुद्ध बाजूने येणारी दुचाकी, दुभाजकाच्या फटीतून घुसणारं जनावर हे सगळं आपल्याकडे रोजचं आहे. यातल्या कशालाच डिटेक्टर वाजत नाही.

४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना धडकून हॉटेलात घुसला. दहाहून जास्त माणसं गेली. तिथं कुणाच्या हेल्मेटचा वा वेगाचा दोष नव्हता. मी ते आठवतो एवढ्यासाठी, की या रस्त्यांवर दुसऱ्याची चूक कधीही अंगावर येऊ शकते. त्या वेळी तुमच्या हातात एकच गोष्ट असते, तुमचा स्वतःचा वेग. देशाचा आकडाही तेच सांगतो. २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि ७१.२ टक्के मृत्यूंमागे अतिवेग असल्याची केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद आहे.

मग हँडलला लावायचं काय?

जे यंत्र तुमच्या खिशात आहे तेच. गुगल मॅप्समध्ये वेगमर्यादा आणि स्पीड कॅमेऱ्याची सूचना मिळते. मॅपल्समध्ये कॅमेऱ्यासोबत अपघातप्रवण जागांचीही सूचना मिळते. पैसे शून्य. फक्त बसवायचं नीट:

१. थरथर कमी करणारा माउंट घ्या. मोठ्या इंजिनाची थरथर फोनच्या कॅमेऱ्यातला स्थिरता देणारा भाग बिघडवू शकते. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्येच आयफोनबाबत ही सूचना दिली होती. रबरी डँपर असलेला माउंट घ्या, नुसती प्लास्टिकची पकड नको.

२. जागा हँडलच्या मध्यावर, मीटरच्या लगेच वर किंवा खाली. मीटर, इंडिकेटरचे दिवे झाकले जाता कामा नयेत. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, वायर ओढली जात नाही ना.

३. चार्जरला फ्यूज हवा आणि तो चावीवर चालू-बंद व्हायला हवा. थेट बॅटरीला जोडलात तर सकाळी गाडी सेल्फ मारणार नाही.

४. स्क्रीन बघू नका, ऐका. हेल्मेटमध्ये फक्त सूचनेचा आवाज, गाणी नकोत. ऑक्टोबर २०२० पासून नियमात रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायची मुभा आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनेच. चालवताना फोन हातात धरलात तर ते कलम १८४ खाली धोकादायक चालवणं ठरतं.

५. उन्हाचं बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्या हँडलवरचा, चार्जिंगला लावलेला फोन तापून बंद पडतो. लांब टप्प्यात चार्जिंग काढून ठेवा.

डिटेक्टरचे पैसे उरलेच असतील तर आयएस ४१५१ चा शिक्का असलेलं हेल्मेट घ्या. १ जून २०२१ पासून विना-शिक्क्याचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला मिळतं. मागचा टायर घासला असेल तर बदला, ब्रेक पॅड तपासून घ्या. एवढं करून हातात पैसे राहिले तर मागे बसणाऱ्यासाठी दुसरं हेल्मेट घ्या. आपल्या रस्त्यांवर ते अजून फार कमी दिसतं.