हळकुंड मोडून पाहावे

सांगलीच्या बाजारात हळदीची पारख करणारा जाणता व्यापारी पॉलिशला भुलत नाही. तो हळकुंड मोडतो, आतला रंग पाहतो आणि मगच भाव बोलतो. आपल्या घरांतील जी मुले आज संगणकाच्या व्यवसायात आहेत, त्यांच्या बाजारातही सध्या वरच्या चकाकीचाच प्रश्न उभा आहे.

जगातील पुष्कळसे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असते. म्हणजे त्याचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, वापरावा आणि सुधारून परत द्यावा. हिशेब व मालसाठा सांभाळणारी, मुंबईत घडलेली ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली याच परंपरेतील. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातही विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. या सामाईक भांडाराची राखण बहुधा मूठभर माणसे करतात, आणि तीही पुष्कळदा विनावेतन. बाहेरून आलेली प्रत्येक दुरुस्ती त्यांनाच तपासावी लागते.

आता दुरुस्ती लिहून देण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात करते. तपासणीचे कष्ट मात्र होते तेथेच राहिले. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग ‘कर्ल’ नावाचे सॉफ्टवेअर सांभाळतात. संगणकांमध्ये माहितीची ने-आण करणारे हे साधन असंख्य उपकरणांत वापरले जाते. त्यातील सुरक्षेचा दोष दाखवणाऱ्यास २०१९ पासून रोख बक्षीस मिळे. २०२५ च्या मध्यास स्टेनबर्ग यांनी नोंदवले, की येणाऱ्या अहवालांपैकी सुमारे २० टक्के यंत्राने रचलेले निरर्थक असतात आणि खरे ठरतात ते अवघे ५ टक्क्यांच्या आसपास. तरी वाचावा लागतो प्रत्येक, कारण न वाचलेलाच खरा निघाला तर? अखेर जानेवारी २०२६ संपताना ते बक्षीस बंद झाले. खोट्या हुंड्या वाढल्या, की खऱ्या हुंडीवाल्यालाही पेढीच्या पायरीवर ताटकळावे लागते. प्रामाणिक शोधकांचे तसेच झाले.

केवळ यंत्राला दोष देऊन मोकळे होता येत नाही. याच कर्लमध्ये, २०२५ मध्येच, एका जाणत्या संशोधकाने अशाच साधनांच्या मदतीने अनेक खरे दोष दाखवून दिले आणि स्टेनबर्ग यांनी त्याचे मोकळेपणाने कौतुक केले. जेंटू या प्रकल्पाने एप्रिल २०२४ मध्ये यंत्रलिखित योगदानावर सरसकट बंदी घातली. मला ती टोकाची वाटते. तथापि तपासणाऱ्याच्या गादीवर मी बसलेलो नाही. लिनक्सचा मार्ग मला अधिक पटतो. तेथे ‘हे देण्याचा मला अधिकार आहे’ अशी देणाऱ्याची सही २००४ पासून प्रत्येक दुरुस्तीखाली लागते. यंत्राची मदत घेतली असल्यास ती सांगावी, पण सही माणसानेच करावी, असा आता तेथील दंडक आहे. वही मुनीमजींनी लिहिली तरी जबाबदारी पेढीच्या धन्याची, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

खरी चिंता आहे ती शिकण्याची. पूर्वी दुकानात आलेला मुलगा आधी रोजकीर्द उतरवी, चुके, बोलणी खाई, आणि मग त्याला खतावणीला हात लावू देत. मुक्तस्रोतातील लहानसहान दुरुस्त्या म्हणजे नवख्यांची रोजकीर्दच होती.

माझा भाचा मूळचा साताऱ्याचा, सांगलीत अभियांत्रिकी शिकतो. त्याने अशाच एका प्रकल्पाकडे दोनशे ओळींची दुरुस्ती पाठवली. सारी यंत्राने लिहिलेली. तपासणाऱ्याने एवढेच विचारले, “हा भाग का बदललात?” भाच्याला उत्तर देता येईना. त्याने ती मुकाट्याने मागे घेतली. घरी हे सांगताना त्याची मान खाली होती. मग तीन आठवडे बसून त्याने स्वतः अकरा ओळी लिहिल्या. त्यांतही दोन चुका निघाल्या. त्या तो सध्या सुधारतो आहे.