चर्चचे उद्योग आणि कामगारांचे हक्क

चर्चच्या आवारात धंदा करावा की नाही, या प्रश्नाचे धार्मिक उत्तर ख्रिस्ती समाज देईल. मंदिरातील सराफांची मेजे येशूने उलथून टाकली, हे त्या समाजाला कोणी सांगावयास नको. कामगार चळवळीचा प्रश्न निराळा आहे: धंदा चालतोच, तर तेथे राबणाऱ्याचे हक्क कोणते?

कोकणातील घरांवर चढलेल्या मंगलोरी कौलांचा धंदा मिशनऱ्यांनीच वाढविला. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला. धर्मांतरामुळे जातीचा व्यवसाय व आसरा गमावलेल्यांना काम मिळावे हा त्यामागील हेतू होता, आणि तो खोटा नव्हता. परंतु जेथे मालक आणि धर्मोपदेशक एकच, तेथे मजुरीबद्दलची तक्रार ही कृतघ्नता ठरते. साध्या भांडवलदाराला हे दुहेरी शस्त्र लाभत नाही!

१९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ‘उद्योग’ या शब्दाची व्याप्ती वाढविली आणि रुग्णालये, शिक्षणसंस्था व बहुतेक धर्मादाय संस्था त्यात आणल्या. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचे होते. १९५७ च्या केरळच्या कम्युनिस्ट सरकारात ते मंत्री होते. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या व्यवस्थापनाने घटनेच्या ३० व्या कलमाचा आधार घेतला. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांनाही औद्योगिक विवाद कायदा लागू आहे, असे १९८७ साली न्यायालयाने ठरविले. संस्था चालविण्याचा हक्क म्हणजे कामगारांना मनमानीने वागविण्याचा हक्क नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

कामगारांनी कष्टाने मिळविलेली ही भूमी आता काढून घेतली जात आहे. २०२० साली संसदेने संमत केलेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली औद्योगिक संबंध संहिता धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवेत पूर्णतः किंवा मुख्यत्वे गुंतलेल्या संघटनांच्या संस्थांना ‘उद्योगा’तून वगळते. ‘उद्योग’ नाही म्हणजे औद्योगिक विवाद नाही, कपातीची भरपाई नाही, वाटाघाटीसाठी संघटनेला मान्यता नाही. रुग्णाकडून शुल्क आणि गाळेधारकाकडून भाडे घेणाऱ्या विश्वस्तांनाही परिचारिकेपुढे व पहारेकऱ्यापुढे परोपकाराचा झगा पांघरण्याची सोय झाली आहे.

हिंदुत्ववादी शक्ती चर्चच्या मालमत्तेकडे बोट दाखवितात, तेव्हा त्यांना या पहारेकऱ्याची चिंता नसते. देवस्थानांची भक्तनिवासे, प्रसादाचे कारखाने आणि मठांची महाविद्यालये यांबाबत त्या मौन पाळतात. सवलतीचे कलम मात्र त्यांनाही तितकेच उपयोगी पडणार आहे. म्हणून अल्पसंख्याकांच्या संस्थांवरील हल्ल्यांना विरोध करीत असतानाच, चर्च, मंदिर व वक्फ या सर्वांच्या कामगारांसाठी हा अपवाद रद्द करण्याची मागणी कामगार संघटनांनी एकाच निवेदनात मांडली पाहिजे. त्या निवेदनावर पहिल्या सह्या ख्रिस्ती रुग्णालयांतील परिचारिकांच्या असाव्यात, आणि त्या मिळविण्याचे काम पक्षाच्या शाखांचे आहे.