जीभ कुठे टेकवायची?

आपली वर्णमाला ज्यांनी लावली त्यांनी ती तोंड समोर ठेवून लावली. क-ख-ग घशाशी, च-छ-ज टाळूशी, ट-ठ-ड जीभ वर वळवून, त-थ-द दातांशी आणि प-फ-ब थेट ओठांवर. आतून बाहेर येत जाणारा हा तोंडाचा नकाशा मराठी शाळेतले मूल पहिलीतच पाठ करते. पुढे इंग्रजीच्या तासाला मात्र तो कोणी उघडत नाही. तिथे सुरुवातच ‘ए फॉर ॲपल’ने होते. अक्षराचे नाव ए, आवाज ॲ, आणि हे असे का ते कोणी सांगत नाही.

महाराष्ट्रात 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचे. त्याच्याही आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरवून व्याकरणात पक्क्या झाल्या. उच्चार मात्र ज्याने त्याने स्पेलिंगवरून बांधला. आणि इंग्रजी स्पेलिंगइतका बेभरवशाचा वाटाड्या शोधून सापडायचा नाही. स्वरांसाठी अक्षरे पाच, आणि ब्रिटिश प्रमाण उच्चारात स्वर वीसच्या आसपास. कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, स्पेलिंग हळूहळू ठरत गेले. पण त्याच शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर तोंडातल्या जागा बदलत होते. ‘नेम’ हा शब्द एकेकाळी आपल्या ‘नाम’च्या जवळपास उच्चारला जायचा. उच्चार पुढे सरकला, लिहिणे मागेच राहिले. तेव्हा मुलाने स्पेलिंगकडे बघून चुकीचा उच्चार केला तर त्याला हसायचे कशाला?

मला म्हणायचे आहे ते इतकेच, की इंग्रजीचे उच्चार तोंडावरून शिकवावेत. त्याचे निम्मे साहित्य मराठीने आपल्याला आधीच दिले आहे. ‘जुना जिना’ म्हणून पाहा. ज एकच, आवाज दोन. ‘चमचा’मधला च वेगळा, आणि त्याच चमच्याचे ‘चमचे’ झाले की शेवटचा च टाळूला जातो. मराठी मूल हे न शिकवता करते. म्हणजे एका अक्षराचे दोन आवाज असतात, हे त्याला घरीच कळलेले असते.

आता इंग्रजी ‘टी’ घ्या. आपण तो ट म्हणून उच्चारतो, जीभ वर वळवून. इंग्रजांची जीभ तिथे जात नाही आणि आपल्या त-साठी दातांना लागते तिथेही जात नाही. ती टेकते वरच्या दातांमागच्या हिरडीवर. ही जागा मुलाला दाखवायची कशी? सोपे आहे. ‘चमचा’ म्हणायला सुरुवात कर, जीभ टेकली की थांब, आता तिथूनच ‘टेन’ म्हण. बहुतेक मुलांना पहिल्या फटक्यात जमते.

व जरा अवघड. आमच्या इमारतीतल्या मुलांना मी सुट्टीत इंग्रजी वाचायला बसवते. त्यात सातवीतली एक मुलगी ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ अगदी एकसारखे म्हणायची. लिहिताना तिचा घोटाळा नव्हता; टीव्ही, व्हॅन, व्हायरस यांत आपण व्ह लिहितो आणि वॉर्ड, वॉचमन, वायर यांत व. लिपीने फरक केला आहे, तोंडाने केलेला नाही. मी तिच्या हातात आरसा दिला. आधी ‘कॉफी’ म्हण, फ-वर थांब. वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले दिसले. आता ओठ तसाच ठेव आणि घशातून आवाज काढ. आरशात दात दिसत राहिले आणि व्ही आला, त्यात ह-ची फुंकर नाही. मग दुसरा. ओठांचा चंबू करून ‘उ’, आणि तिथून झरकन ‘एस्ट’. उ-एस्ट, उएस्ट, वेस्ट. दात ओठाला लागलेच नाहीत. ती आरशात बघत दोन्ही शब्द आलटून पालटून म्हणत बसली, आणि मग धाकट्या भावाला शिकवायला लागली.

सगळ्यात मोठी अडचण स्वरांची आहे, आणि ती आपल्या ह्रस्व-दीर्घातून आलेली आहे. शाळेत आपण ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब असे पाठ करतो. बोलताना कोण वेगळे म्हणते? 1962 च्या लेखननियमांनी शेवटचा इकार-उकार दीर्घ ठरवला, तोही जागा बघून. मराठीत लांबी बहुधा शब्दातल्या जागेवर ठरते, अर्थ तिच्यावर क्वचितच अडतो. इंग्रजीत ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ यांत सगळा अर्थच फिरतो. मी इथे राहतो आणि मी इथून निघतो, यात नोकरीच्या मुलाखतीत फरक पडतो. शिवाय नुसती लांबी पुरत नाही. ‘शीप’ला ओठ हसल्यासारखे ताणलेले, ‘शिप’ला जबडा सैल.

भाषेच्या अभ्यासक जेनिफर जेंकिन्स यांनी 2000 साली याच विषयावर एक पुस्तक लिहिले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशी माणसे आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा नेमके कुठे अडते, हे त्यांनी पाहिले. स्वरांची लांबी त्यांना आवश्यक वाटली. ‘थिंक’ आणि ‘धिस’मधले ते दातांतून निसटणारे आवाज मात्र त्यांनी आवश्यक धरले नाहीत. मला हे मनापासून पटते. आपल्या थ आणि द-ने कोणाचे काही अडत नाही, तरी ट्यूशनमध्ये तासन् तास त्यावरच जातात. इंग्रजांसारखे बोलावे असा माझा आग्रह नाहीच. मराठी वळण राहू द्या; समोरच्याला कळले पाहिजे.

कळण्यात आघाताचाही वाटा मोठा आहे, आणि मराठीत तो अर्थ बदलत नसल्याने आपल्या कानाला त्याची सवय नसते. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर; त्यामुळे तिथला पहिला ओ विरघळून चक्क आपला अ होतो आणि शब्द ‘फटॉग्रफर’सारखा ऐकू येतो. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच. मराठी मुलाच्या तोंडात तो जन्मापासून आहे. आपण तो वापरू देत नाही, कारण स्पेलिंगमध्ये ओ दिसतो.

मोबाइलवरचा शब्दकोश आता कोणताही शब्द बोलून दाखवतो. ऐकायला तो उत्तम आहे, पण जीभ कुठे टेकवायची ते सांगत नाही. ते शिक्षकाने किंवा घरातल्या कोणी तरी सांगायला हवे. पाचवी-सहावीतले मूल घरात असेल तर या सुट्टीत एक हातआरसा घ्या आणि ‘व्हेस्ट-वेस्ट’पासून सुरुवात करा. मग ‘शिप-शीप’. थ-द-च्या मागे लागू नका.